बाहेरचा सांगाडा, आतली मोकळीक



मराठी मुलखात जुने घर किती मोठे, हे चौरस फुटांत कोणी सांगत नसे. ते किती खणांचे आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे होई. खण म्हणजे दोन खांबांमधील, दोन तुळयांमधील जागा. घराचे मोजमाप त्याच्या सांगाड्यावरून करण्याची ही रीत अर्थपूर्ण होती. वाड्याच्या आत भार पेलत असे तो लाकडी खांबांचा व तुळयांचा सांगाडा. मधल्या भिंती बहुधा आडोशापुरत्या असत. म्हणूनच ओसरीचा एखादा खण बंद करून तेथे दुकान थाटता येई, भावाभावांच्या वाटण्या झाल्या की माजघरात भिंत घालता येई आणि पुढे ती काढताही येई. माणसे बदलत, व्यवहार बदलत. खांब मात्र जागच्या जागी राहत.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील वास्तुशिल्पज्ञांनी आणि अभियंत्यांनी मोठ्या कार्यालयीन इमारतींच्या संदर्भात याच प्रश्नाचा नव्याने विचार केला. सांगाडा कायमचा आणि आतली मांडणी तात्पुरती, हे तर त्यांनी मानलेच. पण त्यापुढे जाऊन त्यांनी विचारले की, मुळात खांब आतच का असावेत? ते भिंतीच्या बाहेर नेले तर आतील सर्व जागा मोकळी होणार नाही काय? या प्रश्नातून इमारतींचा एक वेगळाच प्रकार जन्मास आला. त्याचे गुण कोणते, त्याची किंमत काय, आणि इमारती बांधून घेणाऱ्या व त्या सांभाळणाऱ्या सार्वजनिक संस्थांनी त्यापासून काय घ्यावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

कार्यालय बदलते, इमारत थांबते

कार्यालयाइतकी झपाट्याने बदलणारी दुसरी वास्तू क्वचितच असेल. १९५० च्या सुमारास कोणत्याही मोठ्या कचेरीत टंकलेखकांची लांबच लांब रांग असे आणि कागदपत्रांच्या कपाटांनी निम्मी जागा व्यापलेली असे. त्यानंतर संगणक आला. आरंभी त्याला स्वतंत्र, वातानुकूलित दालन लागे. पुढे तो प्रत्येकाच्या मेजावर आला आणि त्याच्या मागोमाग तारांचे जाळे आले. आज काही कार्यालयांत नेमून दिलेले मेजही उरलेले नाही. एका मनुष्याच्या नोकरीच्या काळात कचेरीचे स्वरूप तीन-चार वेळा पालटले. इमारत मात्र तीच राहिली.

ब्रिटिश वास्तुशिल्पज्ञ फ्रान्सिस डफी यांनी या अनुभवाची फार उपयुक्त मांडणी केली आहे. त्यांच्या मते इमारत ही एक वस्तू नसून निरनिराळे आयुष्य असलेल्या थरांचा तो समुच्चय असतो. भार पेलणारा सांगाडा सुमारे पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक टिकतो. पाणी, वीज, वातानुकूलन, लिफ्ट यांसारख्या सेवा सुमारे पंधरा वर्षांत जुन्या होतात. आतील पडद्या व छताखालचे आच्छादन पाच-सात वर्षांत बदलावे लागते. आणि मेज-खुर्च्यांची मांडणी तर केव्हाही बदलते. या थरांची एकमेकांत गुंतागुंत झाली की घोटाळा होतो. पंधरा वर्षांचा नळ शंभर वर्षांच्या भिंतीत पुरला, तर नळासाठी भिंत फोडावी लागते. अनेक इमारती सांगाडा भक्कम असतानाही पाडल्या जातात, त्याचे एक महत्त्वाचे कारण हे आहे.

शिकागोचा प्रयोग

हे थर वेगळे करण्याचा एक ठळक प्रयत्न शिकागो शहरात झाला. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या इनलँड स्टील या पोलाद कंपनीने आपले मुख्य कार्यालय शहराच्या मध्यभागी उभारण्याचे ठरविले. स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेतील वॉल्टर नेट्श यांनी आराखड्याचा आरंभ केला आणि ब्रूस ग्रॅहॅम यांनी तो पूर्णत्वास नेला. १९५६ ते १९५८ या काळात ही एकोणीस मजली इमारत उभी राहिली. तिचा पाया पोलादी खुंटांवर असून ते खुंट चिकणमातीतून सुमारे ८५ फूट खाली, खडकापर्यंत ठोकलेले आहेत.

इमारतीचा सर्व भार चौदा खांबांवर आहे. दोन्ही लांब बाजूंस सात-सात खांब काचेच्या भिंतीच्या बाहेर उभे आहेत आणि न गंजणाऱ्या पोलादाच्या पत्र्याने मढविलेले आहेत. या खांबांच्या जोड्यांमध्ये आडवे पोलादी गर्डर टाकलेले असून त्यांचा गाळा सुमारे ५८ फुटांचा आहे. परिणामी प्रत्येक मजल्यावर सुमारे १७७ फूट लांब व ५८ फूट रुंद अशी जागा मिळाली, आणि तिच्यात एकही खांब नाही. जुन्या भाषेत सांगायचे, तर संपूर्ण मजला हा रुंदीने एकच खण आहे.

परंतु खांब बाहेर नेऊनही एक अडचण उरली असती. लिफ्ट, जिने, स्वच्छतागृहे आणि हवेच्या नळ्या नेहमीच्या पद्धतीने मजल्याच्या मधोमध ठेवल्या असत्या, तर खांब काढून मिळविलेली मोकळीक पुन्हा अडली असती. म्हणून या सर्व सेवा पूर्वेच्या बाजूस एका स्वतंत्र, खिडक्या नसलेल्या मनोऱ्यात ठेवण्यात आल्या. हा मनोरा पंचवीस मजल्यांइतका उंच, म्हणजे मूळ इमारतीहूनही उंच आहे. कार्यालय एका बाजूस, सेवा दुसऱ्या बाजूस आणि भार बाहेरच्या खांबांवर, अशी ही तीन कामांची तीन स्थाने झाली. डफी यांनी थरांची मांडणी करण्यापूर्वीच शिकागोच्या इमारतीने ती पोलादात करून दाखविली होती, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

या मोकळिकीची किंमत

कोणतीही सोय फुकट मिळत नाही, आणि बाहेरच्या सांगाड्याची किंमत तर चार प्रकारांनी मोजावी लागते.

पहिली किंमत गाळ्याची. खांबांमधील अंतर वाढले की तुळई अधिक जाड व अधिक खोल करावी लागते. त्यामुळे पोलाद अधिक लागते आणि प्रत्येक मजल्याची उंचीही वाढते. मोकळ्या जागेची गरज किती, याचा हिशेब आधी केला नाही तर हा खर्च व्यर्थ जातो.

दुसरी किंमत तापमानाची. बाहेरचा खांब हिवाळ्यात आखडतो आणि उन्हाळ्यात वाढतो. आतील भाग मात्र बारमाही एकाच तापमानात असतो. पोलादाचे प्रसरण एका अंशाला मीटरमागे सुमारे एक मिलिमीटरचा ऐंशीवा भाग इतके सूक्ष्म असते. पण शंभर मीटर उंचीचा उघडा खांब घेतला आणि तापमानातील फरक चाळीस अंश धरला, तर त्याच्या लांबीत जवळजवळ पाच सेंटिमीटरचा फरक पडतो. मजल्याची एक कड पाच सेंटिमीटर वर उचलली गेली, तर पडद्या तडकतील आणि दारे अडकतील. त्यामुळे खांबांना उष्णतारोधक आवरण देणे किंवा सांध्यांत हालचालीस वाव ठेवणे आवश्यक ठरते. शिवाय आतून बाहेर जाणारी प्रत्येक तुळई ही उष्णतेची वाट बनते. थंड प्रदेशात तिच्यावर दव धरते, आणि वातानुकूलनाचे बिल वाढते ते वेगळेच.

तिसरी किंमत आगीची. पोलाद जळत नाही; पण साडेपाचशे अंशांच्या आसपास तापले की त्याचे बळ निम्म्याच्या जवळपास येते. म्हणून इमारतीतील पोलादाला काँक्रीट किंवा अन्य आवरण द्यावे लागते. ते दिले की पोलाद उघडे राहत नाही. पिट्सबर्ग येथे १९७० मध्ये पूर्ण झालेल्या यू. एस. स्टीलच्या चौसष्ट मजली मनोऱ्यात या पेचावर वेगळाच उपाय योजण्यात आला. त्याचे अठरा उघडे खांब भिंतीपासून सुमारे तीन फूट बाहेर असून ते आतून पोकळ आहेत. या पोकळीत पाणी भरलेले आहे. ते गोठू नये आणि आतून गंज चढू नये म्हणून त्यात रसायने मिसळलेली आहेत. आग लागली तर तापलेले पाणी वर चढावे, थंड पाणी खाली यावे आणि या अभिसरणाने खांबाची उष्णता वाहून जावी, अशी ही योजना आहे. लंडनमध्ये १९९० मध्ये पूर्ण झालेल्या एक्स्चेंज हाउसची कमान रेल्वेमार्गांवरून ७८ मीटर अंतर ओलांडते. तेथे बाहेरचे पोलाद काचेपासून पुरेसे दूर ठेवून, ज्वाळांची झळ घातक मर्यादेपर्यंत पोहोचणार नाही असा हिशेब करण्यात आला.

चौथी किंमत हवापाण्याची, आणि तीच सर्वांत चिवट आहे. पिट्सबर्गच्या मनोऱ्यासाठी वापरलेल्या विशेष पोलादावर गंजाचा एक घट्ट थर बसतो आणि तो आतील धातूचे रक्षण करतो. परंतु हा थर बसेपर्यंतच्या वर्षांत पावसाबरोबर ओघळलेल्या तांबूस पाण्याने खालच्या पदपथांवर डाग पडले. उघड्यावरचा सांगाडा ऊन, पाऊस, धूर आणि खारा वारा यांच्याशी रोज झुंजत असतो. त्या झुंजीत त्याला माणसाची मदत लागते, आणि ती एकदा देऊन भागत नाही.

कंपनी गेली, इमारत राहिली

एवढी किंमत मोजून साधले काय, याचे उत्तर काळाने दिले. १९९८ मध्ये इनलँड स्टील ही कंपनी लक्ष्मी मित्तल यांच्या इस्पात इंटरनॅशनलने विकत घेतली. पुढे मालकी पुन्हा पालटली, आणि ज्या कंपनीची प्रतिष्ठा दाखविण्यासाठी ही इमारत उभारली गेली तिचे नावही व्यवहारातून नाहीसे झाले. इमारत मात्र राहिली. त्याच १९९८ साली शिकागो नगराने तिला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला, आणि तिच्या खांबविरहित मजल्यांवर इतर कार्यालयांनी आपापली मांडणी केली. पिट्सबर्गच्या पोलादी मनोऱ्यावरही २००८ मध्ये एका वैद्यकीय संस्थेचे नाव लागले. रुग्णालयांचा कारभार पाहणारी कार्यालये आज तेथे आहेत. ज्या कामाची बांधणाऱ्यांना कल्पनाही नव्हती, ते काम त्या मजल्यांनी सामावून घेतले.

हाँगकाँगचा दाखला या उलट बाजूने पाहण्यासारखा आहे. तेथील हाँगकाँग अँड शांघाय बँकेने १९३५ मध्ये बांधलेली भव्य इमारत १९८१ मध्ये, म्हणजे अवघ्या सेहेचाळीस वर्षांत, पाडण्यात आली; बँकेचा वाढता व्याप तिच्यात मावेनासा झाला होता. तिच्या जागी नॉर्मन फॉस्टर यांच्या आराखड्यानुसार उभी राहिलेली इमारत १९८६ मध्ये खुली झाली, तेव्हा तीच अडचण पुन्हा येऊ नये याची काळजी घेण्यात आली. पुलाप्रमाणे रचना करून मजले आठ पोलादी स्तंभांच्या आधारे टांगण्यात आले, लिफ्ट व सेवा दोन टोकांस नेण्यात आल्या, आणि जमिनीच्या लाद्या उचलता येतील अशा बसविण्यात आल्या, म्हणजे खालून तारा नेताना फोडाफोड नको. आधीची इमारत पाडावी लागणे, हाच नव्या इमारतीचा पहिला धडा होता.

आजच्या काळात या धड्याला आणखी एक परिमाण लाभले आहे. सिमेंट आणि पोलाद यांच्या निर्मितीत मोठ्या प्रमाणावर कर्बवायू बाहेर पडतो. उभी इमारत पाडणे म्हणजे त्या निर्मितीसाठी दिलेली किंमत मातीमोल करून ती पुन्हा नव्याने देणे होय. म्हणून सांगाडा शंभर वर्षे उपयोगात ठेवणे ही केवळ काटकसर नसून पर्यावरणाचेही रक्षण आहे.

काळा घोड्याची साक्ष

बाहेर दिसणाऱ्या लोखंडी सांगाड्याचा विचार शिकागोत सुरू होण्याच्या जवळजवळ नव्वद वर्षे आधी तो मुंबईत प्रत्यक्ष उभा होता, ही गोष्ट विसरली जाऊ नये. काळा घोडा परिसरातील वॉटसन्स हॉटेल, म्हणजेच पुढचे एस्प्लनेड मॅन्शन, १८६७ ते १८६९ या काळात बांधले गेले. त्याचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याचा. बिडाचे खांब आणि लोखंडी तुळया इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने मुंबईस आणण्यात आल्या व येथे जोडण्यात आल्या. सांगाडा दर्शनी भागावर उघडाच ठेवून मधल्या जागेत विटांचे काम भरण्यात आले. भारतात आज उभ्या असलेल्या अशा प्रकारच्या बहुमजली इमारतींत ती अत्यंत जुनी गणली जाते. १८९६ च्या जुलै महिन्यात ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम दाखविली गेली ती याच वास्तूत.

बदल सामावून घेण्याच्या बाबतीत या इमारतीची कामगिरी थोर आहे. हॉटेल बंद पडले. पण इमारत ओस पडली नाही. तिच्या खोल्यांत लहान-मोठी कार्यालये, वकिलांच्या कचेऱ्या आणि बिऱ्हाडे आली. जवळच न्यायालये असल्याने त्या कचेऱ्यांना तेथे चांगलाच उपयोग होता. बिडाच्या सांगाड्याने हे सारे मुकाट्याने वाहिले. मात्र एका हॉटेलची जागा अनेकांच्या खोल्यांनी घेतली, तेव्हा सांगाड्याची काळजी ही कोणा एकाची गोष्ट राहिली नाही. भाडी जुनी, दुरुस्तीचा खर्च मोठा आणि जबाबदारी विभागलेली, अशा स्थितीत समुद्राचा खारा वारा आपले काम करीत राहिला. २००५ मध्ये सज्जाचा काही भाग कोसळून एका व्यक्तीचा मृत्यू झाला. त्याच सुमारास जागतिक वारसा-संवर्धनाचे काम करणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातील धोक्यात असलेल्या शंभर स्थळांत या इमारतीचा समावेश केला. २०१९ मध्ये ती धोकादायक म्हणून रिकामी करावी लागली.

उघड्या सांगाड्याचा एक मोठा गुण असा सांगितला जातो की, त्याचे दुखणे झाकलेले राहत नाही. भिंतीत गाडलेला खांब आतल्या आत कुजतो. बाहेरच्या खांबावरील गंज व भेगा रस्त्यावरून दिसतात. हे खरे आहे. पण मुंबईची ही वास्तू त्यापुढचे सत्य सांगते. गंज रस्त्यावरून हजारो लोकांस दिसत होता. तो पाहून काय करायचे आणि कोणी करायचे, हे ठरलेले नव्हते. दुखणे दिसणे म्हणजे उपचार होणे नव्हे.

लहान इमारतींसाठी बोध

ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या इमारतीस पोलादी मनोऱ्याची गरज नाही, आणि खांब भिंतीबाहेर नेण्याचीही नाही. तथापि तत्त्व तेच लागू पडते. ज्या ग्रामपंचायत कार्यालयात पूर्वी एक कपाट आणि चार नोंदवह्या असत, तेथे आज आपले सरकार सेवा केंद्राचा संगणक आहे, दाखल्यांसाठी येणाऱ्यांची रांग आहे आणि महिलांच्या बैठकांना जागाही हवी आहे. उद्या काय लागेल हे आज कोणासही सांगता येणार नाही. म्हणून नवीन इमारतीचा आराखडा मंजूर करताना उद्याच्या बदलास वाव आहे किंवा नाही, हे विचारले पाहिजे.

ही विचारणा साध्या शब्दांत करता येते. भार कशावर आहे, खांबांवर की भिंतींवर? खांबांवर असेल, तर मधल्या भिंती पुढे काढता येतील. भिंतींवर असेल, तर अभियंत्याच्या सल्ल्यावाचून त्यांत साधे दारही पाडणे जीवावर बेतू शकते. जिना आणि स्वच्छतागृह एका टोकास ठेवले आहेत काय, की मधोमध घालून जागेचे दोन तुकडे केले आहेत? पाण्याचे नळ व विजेच्या तारा हाताशी येतील अशा मार्गाने नेल्या आहेत काय, की स्लॅबमध्ये व खांबांत पुरल्या आहेत? आणि इमारतीचे नकाशे कार्यालयात जपून ठेवले आहेत काय? वीस वर्षांनी येणाऱ्या अधिकाऱ्यास कोणती भिंत भाराची आणि कोणती आडोशाची, हे त्या नकाशांवाचून कळणार नाही.

शेवटचा प्रश्न जबाबदारीचा. पावसाळ्यापूर्वी वर्षातून एकदा खांब, तुळया, सज्जे आणि गच्ची कोणी पाहावयाची, दिसलेली भेग कोणत्या वहीत नोंदवावयाची आणि दुरुस्तीची तरतूद कोणत्या शीर्षाखाली करावयाची, हे ठरावात लिहिलेले असावे. काँक्रीटला पडलेली बारीक भेग वेळीच भरली तर खर्च थोडा येतो. तिच्यातून पाणी आत जाऊन सळई गंजली की ती फुगते, काँक्रीटचा पापुद्रा सोडविते आणि मग खांबच दुरुस्त करावा लागतो. शाळांमधील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आपल्याच शाळेचे खांब, तुळया आणि भेगा पाहण्यास शिकविले, तर अभ्यासाचाही हेतू साधेल आणि देखरेखीचाही.

इमारत बांधणारी पिढी एक असते आणि तिचा उपयोग करणाऱ्या पिढ्या अनेक असतात. शिकागोच्या चौदा खांबांनी येणाऱ्या पिढ्यांसाठी मजले मोकळे ठेवले, आणि त्यांची निगा राखली गेली म्हणून ते आजही उपयोगात आहेत. काळा घोड्याचे खांब त्याहून कितीतरी अधिक वर्षे उभे आहेत. त्यांनी मोकळीक दिली, पण त्यांना निगा मिळाली नाही. सार्वजनिक पैशातून उभा राहणारा प्रत्येक खांब या दोहोंपैकी कोणत्या वाटेने जाणार, हे त्याच्या आराखड्यात अर्धेच ठरते. उरलेले अर्धे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्याच्यापाशी जाऊन उभे राहणाऱ्या माणसाच्या हाती असते.